कॅल्शियमच्या इशाऱ्यावर उघडणारं क्लोराइडचं दार

माणसाच्या शरीरात पाणी ढकलणारा पंप कुठेही नाही. पेशींच्या आवरणात सोडियमचा पंप आहे, कॅल्शियमचा आहे, जठरात आम्लाचा आहे, पाण्याचा नाही. तरीही दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तोंडात येते, उन्हात घामाच्या धारा लागतात, डोळे ओलसर राहतात, श्वासनलिकांच्या आतल्या अंगाला पातळ ओल टिकून असते. हे पाणी बाहेर आणण्याची शरीराची युक्ती एकच आहे: मीठ हलवायचं, पाणी त्याच्या मागोमाग येतं.

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. त्यातल्या सोडियमची चर्चा घरोघरी होते. बीपी वाढलं की लोणचं-पापड बंद होतात ते त्याच्यापायी. क्लोराइडकडे सहसा कुणी बघत नाही. इलेक्ट्रोलाइट्सच्या रिपोर्टवर सोडियम-पोटॅशियमच्या खाली ९६ ते १०६ अशा मर्यादेत त्याचा आकडा छापलेला असतो आणि आपली नजर त्यावरून पुढे सरकते. पण लाळ, घाम, जठराची लय, नाकातला वास, भाजल्याची वेदना, रक्तवाहिन्यांचा ताण, या सगळ्यांत क्लोराइडचा हात असतो. आणि यातल्या बहुतेक ठिकाणी त्याला वाट करून देणारी दारं एकाच घराण्यातली आहेत. पेशीच्या आत कॅल्शियम वाढलं की ही दारं उघडतात, म्हणून त्यांना कॅल्शियमने सक्रिय होणारी क्लोराइड चॅनेल्स म्हणतात.

मला या विषयाची ओढ वाटते ती एका गोष्टीमुळे. दार तेच असतं, पण ते कुठल्या पेशीत आणि पेशीच्या कुठल्या अंगाला बसवलं आहे, त्यावर त्याचं काम पार बदलतं. एके ठिकाणी ते पाणी आणतं, दुसरीकडे स्नायू आवळतं, तिसरीकडे मेंदूला वासाची वर्दी देतं. त्याच्यावर औषध शोधणाऱ्यांची पंचाईतही नेमकी इथेच होते.

दार उघडतं कसं, आणि क्लोराइड कुठल्या दिशेने जातं

पेशीचं आवरण चरबीचं असतं. विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, त्यातून आपले आपण आरपार जाऊ शकत नाहीत. म्हणून आवरणात ठिकठिकाणी प्रथिनं रोवलेली असतात आणि त्यांच्यामधून आयनांना ये-जा करता येते. काही चॅनेल्स विद्युतदाब बदलला की उघडतात, काही एखादं रसायन येऊन चिकटलं की. आपली चॅनेल्स मुख्यतः पेशीच्या आतल्या कॅल्शियमला प्रतिसाद देतात.

कॅल्शियमच का? पेशीबाहेर कॅल्शियम भरपूर असतं, पण आत ते जवळजवळ नसतंच. बाहेरच्या मानाने आतलं प्रमाण दहा हजार पटींहूनही कमी. हा फरक राखण्यासाठी पेशी अखंड ऊर्जा खर्च करत असते. त्यामुळे आत थोडंसं कॅल्शियम शिरलं, किंवा पेशीतल्याच साठ्यातून सुटलं, की ते लगेच जाणवतं. मज्जातंतूचा किंवा संप्रेरकाचा निरोप आत पोहोचवायला याहून चांगला इशारा क्वचितच सापडेल. (इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हाडांसाठी आपण ज्या कॅल्शियमच्या गोळ्या घेतो त्यांनी ही दारं उघडत नाहीत. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार घट्ट मर्यादेत ठेवतं, आणि इथे प्रश्न आहे तो पेशीच्या आत क्षणभर वाढणाऱ्या कॅल्शियमचा.)

आता खरा मुद्दा. दार उघडलं तरी क्लोराइड कुठल्या दिशेने जाईल हे दार ठरवत नाही. त्याच्यावर दोन ओढी काम करतात. बाहेर क्लोराइड जास्त असल्यामुळे ते आत शिरू पाहतं. पण पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने ऋणभारित असतो आणि क्लोराइडही ऋणभारितच, त्यामुळे विद्युतदाब त्याला बाहेर लोटतो. दोन्हींत जिचा जोर जास्त, तिकडे क्लोराइड जातं.

मेंदूतल्या प्रौढ मज्जापेशींपैकी बहुतेक पेशी केसीसी-२ नावाच्या प्रथिनाच्या मदतीने आतलं क्लोराइड सतत बाहेर काढून प्रमाण खूप कमी ठेवतात. तिथे क्लोराइडचं दार उघडलं की ते सहसा आत येतं आणि पेशी शांत होते. लाळग्रंथीच्या, रक्तवाहिनीच्या किंवा नाकातल्या वासाच्या पेशींत उलट मांडणी असते. एनकेसीसी-१ हे दुसरं प्रथिन एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असे चौघांना एकदमच आत घेतं. त्यामुळे आत क्लोराइडचा चांगला साठा तयार होतो, आणि दार उघडताच ते बाहेर धावतं.

बाहेर जाणाऱ्या क्लोराइडचे दोन परिणाम होतात. पेशी नळीच्या किंवा ग्रंथीच्या भिंतीत असेल, तर क्लोराइडमागून सोडियम आणि पाणी जातं. पेशी विद्युतसंदेशांवर चालणारी असेल, तर ऋणभार बाहेर गेल्यामुळे तिचा आतला विद्युतदाब बदलतो आणि ती उत्तेजित होते. पुढचं सगळं या दोन परिणामांतूनच निघतं.

तोंडाला पाणी सुटतं तेव्हा

समोर चिरलेली कैरी आणि तिखट-मीठ आलं की मेंदूतून निघालेला संदेश लाळग्रंथीपर्यंत पोहोचतो. तिथे मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे निरोप्या रसायन सुटतं आणि ग्रंथीच्या पेशीवरच्या एम-३ ग्राहकाला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टरला), चिकटतं. त्यातून पेशीच्या आत आयपी-३ हा छोटा रेणू तयार होतो आणि तो आतल्या साठ्याचं कॅल्शियम मोकळं करतो. हे कॅल्शियम पेशीच्या वरच्या टोकाशी, म्हणजे लाळेच्या नळीकडच्या अंगाला, ॲनो-१ नावाचं चॅनेल उघडतं. टीएमईएम-१६-ए हे त्याचंच दुसरं नाव. क्लोराइड नळीत उतरतं. त्याच्या ऋणभाराच्या ओढीने सोडियम दोन पेशींमधल्या फटीतून तिकडे जातं. आता नळीत मीठ जमलं, की ॲक्वापोरिन-५ नावाच्या खास पाण्याच्या वाटांमधून पाणी येतं.

ॲनो-१ फक्त नळीकडच्या अंगाला आहे आणि एनकेसीसी-१ मागच्या, रक्ताकडच्या अंगाला. मागून क्लोराइड घ्यायचं, पुढून सोडायचं. दोन्ही एकाच अंगाला असती तर क्लोराइड तिथल्या तिथे फिरत राहिलं असतं आणि तोंड कोरडंच राहिलं असतं.

पण मग लाळ खारट का लागत नाही? कारण ग्रंथीतून निघताना ती रक्ताइतकीच खारट असते, आणि तोंडापर्यंतच्या वाटेवर नळीच्या भिंती त्यातलं बरंचसं मीठ परत शोषून घेतात. पाण्याला मात्र त्या भिंतींतून सहज मागे जाता येत नाही.

काही औषधांनी घसा कोरडा का पडतो, हेही या साखळीवरून कळतं. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या, नैराश्यावरची काही जुनी औषधं, मूत्राशयाच्या अतिचंचलतेवरची औषधं ॲसिटिलकोलीनचा संदेश अडवतात. मग कॅल्शियम वाढत नाही आणि ॲनो-१ बंदच राहतं. याच्या उलट, डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्यांना किंवा श्योग्रेन आजार (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ-अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते) असलेल्यांना लाळ सुटावी म्हणून पायलोकार्पिन देतात. ते ॲसिटिलकोलीनसारखंच ग्राहकाला चिकटून साखळी सुरू करतं. अर्थात ग्रंथीच्या काही पेशी शाबूत उरल्या असतील तरच. कोरड्या तोंडाने भाकरीचा घास गिळणं काय असतं, ते त्या रुग्णांनाच विचारावं. लाळेला आपण फार गृहीत धरतो.

घामाच्या चाचणीत लपलेला पुरावा

घामाच्या ग्रंथीची रचना लाळग्रंथीसारखीच. तळाशी खारट द्रव तयार होतो, वर येताना नळी त्यातलं मीठ परत घेते. परत घेण्याचं काम मुख्यतः सीएफटीआर नावाच्या वेगळ्या क्लोराइड चॅनेलमधून होतं. हे चॅनेल बिघडलेलं असेल तर सिस्टिक फायब्रोसिस होतो. फुप्फुसात चिकट कफ साचतो, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो, स्वादुपिंड नीट काम करत नाही. बाळाचा पापा घेताना कातडी फार खारट लागणं हे या आजाराचं फार जुनं लक्षण.

निदानासाठी आजही घामातलं क्लोराइड मोजतात. हातावर पायलोकार्पिन लावून सौम्य विद्युतप्रवाहाने ते आत घालवतात, घाम गोळा करतात, आणि लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त क्लोराइड निघालं तर आजाराची दाट शक्यता धरतात. आता विचार करा. या मुलांचं सीएफटीआर बिघडलेलं आहे, तरी त्यांना पायलोकार्पिनने घाम येतोच. कारण तो घाम कॅल्शियमच्या वाटेने तयार होतो आणि ती वाट या आजारात शाबूत असते. अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीच्या, म्हणजे बीटा ग्राहकांवर काम करणाऱ्या औषधांनी मात्र त्यांना घाम येत नाही, कारण ती वाट सीएफटीआरवर अवलंबून असते. एकाच ग्रंथीत क्लोराइडच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

शोधाची कथा: बेडूक, ॲक्सोलॉटल आणि २५ वर्षं

ही चॅनेल्स सापडली ती माणसात नव्हे, बेडकाच्या अंड्यात. झेनोपस या आफ्रिकन बेडकाच्या अंडपेशीचा व्यास मिलिमीटरभर असतो, त्यामुळे तिच्यात सूक्ष्म इलेक्ट्रोड खुपसणं सोपं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मिलेदी आणि बॅरिश यांनी अशा अंडपेशींत कॅल्शियममुळे वाहणारा क्लोराइडचा प्रवाह नोंदवला. त्याच सुमारास सॅलमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या डोळ्यातल्या प्रकाशपेशींतही तो दिसला.

बेडकाच्या अंड्याला या प्रवाहाची गरज काय? अंड्यात एकच शुक्राणू शिरला पाहिजे. दोन शिरले तर गुणसूत्रांचा घोळ होऊन भ्रूण मरतो. पहिला शुक्राणू भिडताच अंड्यात कॅल्शियम वाढतं, क्लोराइडची दारं उघडतात, आणि अंडं डबक्याच्या गोड्या पाण्यात असल्यामुळे, जिथे क्लोराइड अगदीच कमी, ते वेगाने बाहेर पडतं. अंड्याचा विद्युतदाब काही क्षणांत पालटतो आणि दुसऱ्या शुक्राणूला प्रवेश मिळत नाही. काही मिनिटांनी अंड्याभोवतीचं कवच बदलून कायमचा बंदोबस्त होतो. तोवरची निकड क्लोराइड भागवतं. सस्तन प्राण्यांत ही विद्युत-युक्ती नाही, तिथे वेगळे उपाय आहेत.

प्रवाह दिसला, पण तो वाहून नेणारं प्रथिन कुठलं हे २५ वर्षं कळलं नाही. नव्वदच्या दशकात सीएलसीए नावाच्या प्रथिनांवर बोट ठेवलं गेलं, पुष्कळ काम झालं, आणि मग लक्षात आलं की ही प्रथिनं पेशीबाहेर सोडली जातात, ती स्वतः चॅनेल बनवतच नाहीत. पुढे त्यांच्यातलं एक खऱ्या चॅनेलला आवरणात टिकवून धरतं असंही दिसलं, म्हणजे तो माग सगळाच फुकट गेला नाही. २००२ मध्ये बेस्ट्रोफिन नावाचा दुसरा उमेदवार पुढे आला. तो खरोखरच कॅल्शियमला प्रतिसाद देणारं क्लोराइड चॅनेल आहे, डोळ्याच्या पडद्यामागच्या थरात असतो आणि त्यातल्या बिघाडाने बेस्ट नावाच्या डोळ्याच्या आजारात दृष्टी जाऊ शकते. पण लाळग्रंथीतल्या प्रवाहाचं वागणं त्याच्याशी जुळत नव्हतं.

२००८ मध्ये तीन गटांनी एकाच वर्षी, वेगवेगळ्या वाटांनी, एकच उत्तर काढलं. सोलमध्ये उह्तेक ओ यांच्या गटाने जनुकांच्या माहितीसाठ्यात आवरणातून अनेकदा आरपार जाणारी पण काम अज्ञात असलेली प्रथिनं शोधून ती तपासली. इटलीत जेनोआला लुइस गालियेत्ता यांच्या गटाला ठाऊक होतं की श्वासनलिकेच्या पेशींना इंटरल्युकिन-४ हा ॲलर्जीशी संबंधित रेणू दिला की हा प्रवाह वाढतो. म्हणून त्यांनी तो दिल्यावर कुठली जनुकं जास्त काम करू लागतात ते पाहिलं.

तिसरी वाट मला सगळ्यांत सुंदर वाटते. सॅन फ्रान्सिस्कोत लिली जॅन आणि युह नुंग जॅन यांच्या गटाला असं अंडं हवं होतं ज्यात हा प्रवाह मुळातच नाही. ॲक्सोलॉटल या मेक्सिकोतल्या सॅलमँडरच्या अंड्यात एकाहून जास्त शुक्राणू शिरले तरी चालतात, म्हणजे त्याला या दाराची गरजच नाही. तपासलं तर खरंच प्रवाह नव्हता. मग त्यांनी झेनोपसच्या अंड्यातला आरएनए ॲक्सोलॉटलच्या अंड्यात घातला, प्रवाह उमटला, आणि त्या आरएनएचे भाग पाडत पाडत एका जनुकापर्यंत ते पोहोचले. निसर्गातला एक बारकावा लक्षात ठेवून रचलेला हा प्रयोग आहे.

तिघांचंही उत्तर होतं टीएमईएम-१६-ए, म्हणजे ॲनो-१. आणि ते सापडल्यावर कळलं की कर्करोगाच्या अभ्यासकांना हे प्रथिन आधीपासूनच माहीत होतं! पचनमार्गाच्या जीआयएसटी या गाठी ओळखायला पॅथॉलॉजिस्ट २००४ पासून डॉग-१ नावाची खूण वापरत होते. ती खूण म्हणजे हेच चॅनेल.

पुढे झ्युरिकच्या गटाने २०१४ मध्ये एका बुरशीतल्या नातेवाइकाची, आणि २०१७ मध्ये उंदरातल्या खुद्द ॲनो-१ ची रचना उलगडली. दोन प्रथिनं जोडीने राहतात आणि प्रत्येकात स्वतःची वेगळी वाट असते. कॅल्शियम येऊन बसतं ते आवरणाच्या आत, वाटेला अगदी लागून. ॲनो-१ च्या प्रथिन-घराण्यातले सगळेच क्लोराइड नेत नाहीत. ॲनो-६ तर आवरणातली चरबीच आतल्या थरातून बाहेरच्या थरात आणतं. रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये हे झाल्याशिवाय रक्त नीट गोठत नाही. ॲनो-६ बिघडलं की स्कॉट सिंड्रोम हा दुर्मीळ रक्तस्रावाचा आजार होतो.

जठराची लय

जीआयएसटीच्या गाठीत हे चॅनेल इतकं का असतं? कारण त्या गाठी काहालच्या पेशींशी नातं सांगतात, आणि काहालच्या पेशींत ॲनो-१ ठासून भरलेलं असतं. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांच्या नावाच्या या पेशी पचनमार्गाच्या स्नायूंमध्ये जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात आणि त्यांची लय ठरवतात. माणसाच्या जठरात मिनिटाला साधारण ३ लाटा, लहान आतड्याच्या सुरुवातीला साधारण १२. दर लाटेला या पेशींत कॅल्शियम सुटतं, ॲनो-१ उघडतं, क्लोराइड बाहेर जातं, पेशी उत्तेजित होते आणि ती उत्तेजना शेजारच्या स्नायूपेशींत पसरते. ॲनो-१ नसलेल्या उंदरांच्या पिल्लांत या लाटा उमटतच नाहीत. मधुमेहात कधी कधी जठर मंदावतं, जेवण तासन् तास पोटात पडून राहतं, मळमळतं. अशा रुग्णांच्या जठरात काहालच्या पेशी कमी झालेल्या आढळतात.

जुलाबांचा मामला वेगळा, तो पाण्याचा आहे. कॉलऱ्याचं विष सीएएमपी नावाचा रेणू वाढवून सीएफटीआर सताड उघडं ठेवतं. रोटाव्हायरसचं एनएसपी-४ हे प्रथिन मात्र आतड्याच्या पेशीत कॅल्शियम वाढवतं. ज्यांच्यात सीएफटीआर नाही अशा उंदरांच्या पिल्लांनाही त्याने जुलाब होतात, म्हणजे इथे कॅल्शियमची वाट आहे. त्या वाटेत ॲनो-१ चा वाटा नेमका किती, यावर अजून वाद आहे. ओआरएस दोन्ही प्रकारांत उपयोगी पडतं, कारण साखर आणि सोडियम जोडीने आत घेणारी वाट दोन्हींत बरीच शाबूत राहते. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या लालभडक चिकापासून काढलेलं क्रोफेलेमर हे औषध सीएफटीआर आणि कॅल्शियमची क्लोराइड वाट दोन्ही अडवतं. एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांच्या असंसर्गजन्य जुलाबांसाठी अमेरिकेत २०१२ च्या अखेरीस त्याला मान्यता मिळाली. रोटाव्हायरसपुरतं बोलायचं तर बाळाला वेळेवर लस देणं हेच सर्वांत शहाणपणाचं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये यातली एक लस तयार होते.

वास, तिखट आणि रक्तवाहिन्या

नाकातल्या वासाच्या पेशींत ॲनो-१ चा जवळचा भाऊबंद, ॲनो-२, असतो. गंधाचा रेणू चिकटला की आधी एक वेगळं चॅनेल उघडून थोडं कॅल्शियम आत येतं, मग ते ॲनो-२ उघडतं आणि क्लोराइड बाहेर जाऊन मूळचा छोटा संकेत कितीतरी मोठा होतो. या पेशींच्या बारीक केसांमधल्या प्रवाहाचा मोठा हिस्सा क्लोराइडचाच असतो. पण २०११ मध्ये जर्मनीत ॲनो-२ नसलेले उंदीर तयार केले गेले, तेव्हा त्यांना साध्या चाचण्यांत वास येत होता. नंतरच्या बारकाईच्या चाचण्यांत काही उणिवा दिसल्या. संकेत इतका वाढवूनही त्याचा नेमका फायदा कुठे होतो, हा प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही.

वेदनेच्या पेशींतही आतलं क्लोराइड जास्त असतं. तिथलं ॲनो-१ साधारण ४४ अंशांच्या पुढच्या उष्णतेने स्वतःच उघडू लागतं. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ हे चॅनेल उघडतं, त्यातून कॅल्शियम आत येतं, आणि अगदी शेजारी बसलेलं ॲनो-१ त्या कॅल्शियमने उघडून जळजळ आणखी वाढवतं. ठेच्याच्या घासाला जिभेत आग लावायला आणि त्याच वेळी तोंडात लाळ आणायला एकच प्रथिन हातभार लावत असतं, ते असं.

रक्तवाहिन्यांच्या स्नायूत क्लोराइड बाहेर गेलं की पेशी उत्तेजित होते, विद्युतदाबावर चालणारी कॅल्शियमची दारं उघडतात आणि वाहिनी आवळते. श्वासनलिकेच्या स्नायूतही तोच क्रम. फुप्फुसातल्या रक्तदाबाच्या आजारात हे चॅनेल वाढलेलं आढळलं आहे.

एक गोष्ट इथल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. ॲनो-१ चं जनुक ११ व्या गुणसूत्राच्या ज्या पट्ट्यात आहे, तो पट्टा तोंडाच्या आणि घशाच्या काही कर्करोगांत अनेक प्रतींनी वाढलेला असतो आणि त्याबरोबर हे चॅनेलही. काही अभ्यासांत असे कर्करोग जास्त पसरणारे ठरले. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे घरोघरी माहीत झालेला आहे. या चॅनेलला अडवून त्याची वाढ रोखता येईल का, याचा तपास प्रयोगशाळांत चालू आहे.

उघडायचं की बंद करायचं?

श्वासनलिकेत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआर चालत नाही. शेजारचं ॲनो-१ ठणठणीत आहे. मग ते जास्त उघडावं, क्लोराइड आणि पाणी येऊ द्यावं, कफ पातळ होईल, हा विचार साहजिक आहे. भारतीय रुग्णांसाठी तो जास्तच मोलाचा. सीएफटीआर दुरुस्त करणारी नवी औषधं ठराविक दोषांवरच चालतात, आपल्याकडच्या रुग्णांत युरोपात सर्वाधिक आढळणारा दोष तुलनेने कमी आहे, आणि ती औषधं महागही आहेत. दोष कुठलाही असो, ॲनो-१ ची वाट सगळ्यांनाच खुली आहे.

यासाठी डेन्युफोसोल नावाचं औषध आधी आजमावलं गेलं. ते पेशीवरच्या एका ग्राहकाद्वारे कॅल्शियम वाढवायचं. शेवटच्या टप्प्यातल्या मोठ्या चाचणीत ते अपयशी ठरलं. कॅल्शियमची वाढ अल्पजीवी असते हे एक संभाव्य कारण. दुसरी अडचण अशी, की कॅल्शियम एकटं ॲनो-१ ला हाक मारत नाही. त्याच इशाऱ्यावर कफ तयार करणाऱ्या पेशी आपला साठा रिकामा करतात आणि स्नायू आवळतात.

दुसऱ्या बाजूचे शास्त्रज्ञ याच पेशींकडे बोट दाखवतात. दम्यात, ॲलर्जीचे रेणू वाढले की ॲनो-१ कफाच्या पेशींत वाढतं, स्नायूतही असतंच. तेव्हा ते उघडण्याऐवजी बंद करावं, कफ कमी होईल आणि नळ्या मोकळ्या होतील, असं त्यांचं म्हणणं. जंतावरची जुनी गोळी निक्लोसामाइड या चॅनेलला अडवते असं आढळल्यावर या बाजूला बळ आलं. एकच नळी, एकच चॅनेल, आणि दोन गट अगदी उलट औषधं मागताहेत.

मला उघडण्याच्या बाजूचा अलीकडचा मार्ग जास्त पटतो: कॅल्शियमला हात न लावता थेट चॅनेललाच असं हळवं करायचं, की आहे त्या थोड्या कॅल्शियमवरही ते उघडं राहील. मग कफाच्या पेशी आणि स्नायू यांना कॅल्शियमचा जादा इशारा मिळत नाही. असं औषध श्वासावाटे द्यावं लागेल, कारण गोळी घेतली तर तेच चॅनेल जठरात, रक्तवाहिन्यांत आणि वेदनेच्या पेशींतही हळवं होईल. आणि श्वासावाटे दिल्यावरही ते वरच्या ओल्या थरात थांबतं की खालच्या स्नायूपर्यंत झिरपतं, हे प्रत्येक रेणूसाठी स्वतंत्र तपासावं लागेल.